आठ शेजारी

बसल्या जागी जरा सैल व्हा. हे सावकाश वाचायचं आहे. मध्येच डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मिटा.

समोर एक पडदा आहे असं समजा. वर छोटा कॅमेरा, पडद्यावर तुमचाच चेहरा. सगळ्या चेहऱ्याकडे पाहू नका, तो रोज आरशात दिसतोच. डाव्या गालावरचा एक ठिपका निवडा, अगदी बारीक, टाचणीच्या टोकाहून लहान. या ठिपक्याजवळ तीन आकडे असतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. तिन्ही शून्य असले की काळं, तिन्ही २५५ असले की पांढरं, आणि ही दोन टोकं धरून सगळे मिळून १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ रंग. तुमच्या गालाचा आत्ताचा रंग त्यांतला एक. तोही फार टिकत नाही. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा तो ठिपका पुसला जातो आणि पुन्हा लिहिला जातो. साध्या, जुन्या कॅमेऱ्याची चौकट ६४० गुणिले ४८० ठिपक्यांची असते, म्हणजे ३,०७,२०० ठिपके. तेवढ्यांत तुमचा चेहरा मावतो, मागची भिंत मावते आणि खिडकीतलं थोडं आभाळही.

एकाच ठिपक्याजवळ राहा. त्याला त्याचे तीन आकडे माहीत आहेत. आपण गालावर आहोत की भिंतीवर, हे त्याला माहीत नाही. तुम्ही कोण, हे तर नाहीच. दोन-तीन श्वास इथेच घ्या.

आता त्या पडद्यावर पाऊस सुरू होतो. पहिला थेंब कपाळावर पडतो आणि एक कडं पसरत जातं. कडं भुवईपर्यंत पोचतं तशी भुवई वाकते, हलते, पुन्हा सरळ होते. दुसरा थेंब ओठांजवळ. दोन कडी एकमेकांना भेटतात, एकमेकांतून आरपार जातात आणि काठाकडे जाता जाता विरतात. तुमचा चेहरा पाण्याखाली आहे आणि तुम्ही कोरडे आहात.

ही कल्पना नुसती कागदावर राहिलेली नाही. केंतारो फुकुची या जपानी प्रोग्रामरने २००१ च्या सुमारास 'इफेकटीव्ही' नावाचा प्रोग्राम लिहिला. कॅमेऱ्यातून येणारं चित्र तिथल्या तिथे बदलून दाखवणारे कितीतरी परिणाम त्यात आहेत आणि त्यांतल्या एकाचं नाव 'रिपलटीव्ही'. त्याच्या आत काय चालतं ते पाहू. घाई नको.

चित्राच्या मागे एक न दिसणारी जाळी आहे. जाळीतल्या प्रत्येक घराला एक उंची दिलेली. थेंब पडला म्हणजे काही घरांची उंची एकदम बदलली, एवढंच घडतं. मग दर चौकटीला प्रत्येक घर आपल्या भोवतालच्या आठ शेजाऱ्यांची उंची बघतं: वरचा, खालचा, डावा, उजवा आणि चार कोपऱ्यांवरचे. शेजारी उंच असतील तर ते घर वर ओढलं जातं, खोल असतील तर खाली. आधीचा वेगही त्याच्या अंगात असतो, म्हणून ते नेमक्या जागी थांबत नाही, थोडं पुढे जातं आणि मग परत फिरतं. दर वेळी त्या वेगातला थोडासा अंश गळून जातो. शेवटी जिथे जाळीला उतार आला असेल तिथे तुमच्या चेहऱ्याचा ठिपका किंचित बाजूचा घेतला जातो. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते, तसाच हा प्रकार.

सगळं इतकंच आहे. साऱ्या प्रोग्राममध्ये लाटेचं चित्र कुठेच साठवलेलं नाही. कड्याचा गोल आकार कुणी काढून ठेवलेला नाही. प्रत्येक घर फक्त आठ शेजाऱ्यांना विचारतं आणि त्यातून गोल उमटतो. यावर थोडा वेळ मन ठेवा. ज्या गोष्टी कुणी आखलेल्या नसतात आणि तरीही आकार घेतात, अशा तुमच्या आयुष्यातल्या एक-दोन आठवतात का पाहा. नाही आठवल्या तरी चालेल. आठ शेजारी मात्र लक्षात ठेवा, त्यांचं काम पुढे पडणार आहे.

हे इतक्या नेमकेपणाने सांगता येतं, कारण ते वाचता येतं. प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला सोर्स कोड म्हणतात, उघडा ठेवलेला आहे. सी भाषेतल्या त्या ओळी, त्यांच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि परवाना. कुणीही उघडावं, वाचावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं.

अशा वस्तूंभोवती माणसं जमतात तेव्हा काय होतं हे बघायचं असेल तर मनाने बर्गनला जावं लागेल. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, डोंगरांच्या कुशीतलं हे शहर. वर्षाला सुमारे २,२५० मिलिमीटर पाऊस. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत पडतो जवळपास तेवढाच, पण बर्गनमध्ये तो बारा महिन्यांवर पसरलेला, वर्षातले दोनशेहून अधिक दिवस भिजवणारा. नोव्हेंबर सरत आला की चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. अशा काळोख्या, ओल्या दिवसांत 'पिक्सेल' महोत्सव भरतो. गिस्ले फ्रॉइसलान या कलाकाराच्या पुढाकाराने २००३ मध्ये तो सुरू झाला. आरंभी बीईके या शहरातल्या इलेक्ट्रॉनिक कला केंद्राचा त्याला आधार होता. आज स्ट्रांदगातन या रस्त्यावर २०७ क्रमांकाच्या जागेत त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे. इलेक्ट्रॉनिक कला आणि तंत्रज्ञानातलं स्वातंत्र्य, या दोन्हींचा महोत्सव अशी तो आपली ओळख सांगतो आणि ही दोन नावं एकत्र घेण्यातच त्याचं सगळं म्हणणं आलं. इथली कला ज्या साधनांनी होते, ती साधनं उघडी असावीत.

पहिल्या वर्षी ते संमेलन प्रामुख्याने प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं होतं. मंचावर संगीत चालू असताना पडद्यावरची चित्रं तिथल्या तिथे बदलत ठेवायची, ही त्या काळातली नवी कला. तिच्यासाठी जो तो आपापलं साधन घरी लिहीत होता. इफेकटीव्ही, यारोमिल या प्रोग्रामरचं फ्रीजे, व्हीजे, लाइव्ह्ज, पीडीपी, असा तो गोतावळा. अडचण साधी होती. एकाने केलेला सुंदर परिणाम दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये चालत नसे. प्रत्येक घराचं दार वेगळ्या मापाचं.

पिक्सेलच्या याच गोतावळ्यातून 'फ्रायर' नावाचा एक करार पुढे आला. करार हा शब्द जरा मोठा वाटेल, पण त्याचा मजकूर बघा. मला एक चौकट दे, तिची लांबी-रुंदी सांग, आत्ता किती वेळ झाला ते सांग. मी तेवढ्याच मापाची एक चौकट परत देईन. लांबी-रुंदी आठाच्या पटीत हवी. कमी-जास्त करायची खुंटी असेल तर ती ० आणि १ यांच्या मध्ये फिरेल. आणखी काही बारकावे आहेत, पण गाभा हाच. मोठमोठ्या कंपन्यांचे करार शेकडो पानांचे होतात आणि तरी भांडणं उरतात. इथे मागणी इतकी कमी ठेवली की कुणालाच नाही म्हणायला कारण राहिलं नाही. मला या महोत्सवाची सगळ्यात मोठी कलाकृती हीच वाटते, जरी ती कधी भिंतीवर टांगली गेली नाही. आज एफएफएमपेग, केडेनलाइव्ह, शॉटकट अशा व्हिडिओच्या साधनांत फ्रायरचे परिणाम चालतात, शंभराहून जास्त. साताऱ्यात किंवा सोलापुरात बसून कुणी बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ शॉटकटवर जोडत असेल, तर बर्गनच्या त्या गोतावळ्याने ठरवलेलं माप त्याच्या हाताखालून जात असण्याची चांगलीच शक्यता आहे. त्याला ते माहीत नसतं. माहीत असायची गरजही नसते.

फ्रायरमधला एक परिणाम मनात धरा. त्याचं काम एकच: प्रत्येक ठिपक्याचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करायचा. ० चा २५५ होतो, २५५ चा ०. तुमच्या गालाचा आकडा २०० असेल तर तो ५५ होईल. उजेड काळोख होतो आणि काळोख उजेड. डोळे मिटून आपल्या खोलीचं असं उलटं चित्र करून बघा. दिव्याच्या जागी काळा गोळा. काळ्या केसांच्या जागी चांदी. आता पुन्हा एकदा तेच करा, २५५ मधून वजा. खोली जशीच्या तशी परत येते. काहीच हरवलेलं नसतं.

एक अवघड प्रश्न इथे घ्यावा लागेल. महोत्सवाला येणाऱ्यांपैकी कितीजण कोड वाचतात? थोडेच. मीही एखादा मोठा प्रोग्राम सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचत बसणार नाही, तुम्हीही नाही. मग तो उघडा असण्याने आपल्याला काय मिळालं?

या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नका. त्याऐवजी तुमच्या हातातला फोन उचला आणि उलटा करून टेबलावर ठेवा. त्याच्या पाठीकडे बघा. त्याच्या आत या क्षणी काय चाललंय ते तुम्ही सांगू शकता का? तुम्ही नाही, तर तुमच्या ओळखीचं कुणी? हुशारातला हुशार, वाटेल तेवढा वेळ दिला तरी? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल की नाही, कारण ते बघायची मुभाच नाही. आपण दिवसभर ज्याला बोट लावतो त्याबद्दल आपल्याला कुणाच्या तरी शब्दावर राहावं लागतं. या जाणिवेसोबत थोडं बसा. तिच्यावर रागवायला नको आणि तिला झटकायलाही नको.

१९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना असाच अनुभव आला, एका प्रिंटरपाशी. कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी स्वतः सुधारला होता, अडचण आली की तो लोकांना कळवत असे. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मागितला तर मिळेना. दुरुस्ती करता येत होती, करायची इच्छाही होती, परवानगी नव्हती. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवता यावा, त्याचा अभ्यास करून तो बदलता यावा, प्रती वाटता याव्यात आणि बदललेल्या प्रतीही वाटता याव्यात, ही त्या चळवळीची मागणी. चार दशकं झाली, मागणी बदललेली नाही.

कोड वाचणारे थोडे असतात हे खरं. पण जे वाचतात ते आपले शेजारी असतात. त्यांना वाचता येतं आणि आपल्याला त्यांना विचारता येतं. तुमच्या भोवतालच्या आठ माणसांत एखादं असं असेल, त्याच्या भोवतीच्या आठांत आणखी एखादं. विचारणं इतक्याच अंतरावर असावं, एवढी ही अपेक्षा आहे. बंद साधनाच्या बाबतीत शेजारी कितीही असले तरी सगळे सारखेच बाहेर उभे असतात.

आता पडदा विसरा आणि हात टेबलावर आणा. अशा महोत्सवांत कार्यशाळा असतातच, आणि तिथे डाख लावण्याचा, तापलेल्या राळेचा वास भरून राहिलेला असतो. तुमच्यासमोर चौदा पायांची एक काळी चिप आहे, बोटाच्या पेरात मावेल एवढी. तिचा क्रमांक ४०१०६. आवाज काढायला शिकवणाऱ्या लोकांची ही फार लाडकी चिप आहे, कारण ती स्वस्त आहे आणि चुका सोसते. तिच्या आत सहा फाटकं आहेत. प्रत्येक फाटकाचा स्वभाव एकच: आत वीज आली की बाहेर बंद, आत बंद झाली की बाहेर सुरू. मघाचीच २५५ ची वजाबाकी, फक्त दोनच आकड्यांची.

या फाटकाचं उत्तर त्यालाच परत ऐकवायचं. बाहेरच्या पायापासून आतल्या पायाला एक रोधक जोडा, आणि आतल्या पायापासून ऋण टोकाला एक छोटा संधारक, म्हणजे आपला कपॅसिटर. नऊ व्होल्टची बॅटरी लावा. फाटक हो म्हणतं. तो हो रोधकातून हळूहळू झिरपत संधारकात साठतो. पुरेसा साठला की फाटक नाही म्हणतं. मग साठा ओसरू लागतो. पुरेसा ओसरला की पुन्हा हो. हे सेकंदाला काही शे वेळा होत राहिलं आणि तिथे एक छोटा स्पीकर जोडला, की खोलीत एक खरखरीत, हट्टी सूर सुरू होतो.

रोधकाच्या जागी उजेड ओळखणारा रोधक लावा. आता तळहात त्याच्यावर धरा, हळूहळू खाली आणा. सावली दाटते, रोध वाढतो, साठायला वेळ लागतो, सूर खाली उतरतो. हात वर घ्या, सूर चढतो. तुम्ही कुठल्याही पट्टीला स्पर्श केलेला नाही. खोलीतला उजेड आणि तुमच्या हाताची सावली यांच्यामधली जागा वाजते आहे. कानाला तो सूर गोड लागणार नाही, आणि त्याला गोड करायची घाई करू नका. हात वर, हात खाली. श्वास आत, श्वास बाहेर. सूर कुठून येतो ते तुम्हाला तळापर्यंत ठाऊक आहे, असं याआधी तुमच्या आयुष्यात किती आवाजांबद्दल झालं असेल?

या महोत्सवांतलं सगळंच काम चांगलं असतं असं मी म्हणणार नाही. उघड्या साधनाने केलेली कला आपोआप मोठी होत नाही. कित्येक प्रयोग कच्चे असतात, आवाज कर्कश, मध्येच बंद पडणारे. तरी मला तो कच्चेपणा आपला वाटतो, कारण तिथे बंद पडलेलं का बंद पडलं हे मंचावरच शोधलं जातं आणि पाहणाऱ्यांसमोर दुरुस्त होतं. तयार, गुळगुळीत, आत बघू न देणाऱ्या देखाव्याने डोळे दिपतात खरे, पण घरी जाऊन हात काही करू पाहत नाहीत.

पुन्हा त्या पावसाच्या पडद्याकडे या. एक गोष्ट राहिली आहे आणि ती सुखाची नाही. रिपलटीव्हीमध्ये तुम्ही हात हलवलात की हातापासूनही लाटा उठतात. हात हलला हे त्याला कसं कळतं? वजाबाकीनेच. आधी साठवलेलं चित्र आणि आत्ताचं चित्र, ठिपक्यामागे ठिपका वजा करायचा. फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आला, तर तिथे काहीतरी हललं. बँकेच्या दारावरचा, सोसायटीच्या जिन्यातला, चौकातल्या खांबावरचा कॅमेरा हालचाल हुडकतो तो मुळात याच वजाबाकीने. एका ठिकाणी तिच्यातून पाणी डुचमळतं, दुसऱ्या ठिकाणी पहारा उभा राहतो. आणि प्रोग्राम कुठल्याही कामासाठी चालवता यावा, या मागणीत पहाऱ्याचं कामही आलं. उघडं दार सगळ्यांनाच उघडं असतं.

हे टोचू द्या. लगेच उपाय शोधू नका. माझं मत सांगायचं तर, कोड कुलूपबंद केल्याने पहारा कमी झालेला कधी दिसला नाही, फक्त तो कसा चालतो हे कळेनासं झालं. कलाकार तीच वजाबाकी उचलून लोकांसमोर पाण्यासारखी मांडतो, तेव्हा निदान एक घडतं: यंत्र आपल्याकडे कसं बघतं ते आपल्याला एकदा नीट दिसतं. चौकातल्या खांबाखालून जाताना मग मान जरा वर होते. हे पुरेसं आहे असा माझा दावा नाही. पण याच्याशिवाय पुढचं काही सुरूच होणार नाही.

आता जाण्याबद्दल. या कलेतल्या गोष्टी फार लवकर जातात, दगडाच्या मूर्तीसारख्या हजार वर्षं थांबत नाहीत. एके काळी इंटरनेटवरची असंख्य चलत्‌चित्रं, खेळ आणि कलाकृती 'फ्लॅश' या साधनात केलेल्या असत. ३१ डिसेंबर २०२० ला ते बनवणाऱ्या कंपनीने त्याचा आधार काढून घेतला आणि जानेवारी २०२१ मध्ये ते चालणंच अडवलं. साधनाला कुलूप होतं, किल्ली एकाकडे होती. कितीतरी माणसांचं वर्षानुवर्षांचं काम एका तारखेला काळ्या चौकोनात गेलं. काही लोकांनी त्याआधीच 'रफल' नावाचा मुक्त प्रोग्राम लिहायला घेतला होता, त्यामुळे त्यातलं बरंचसं पुन्हा हलू लागलं आहे.

पण उघड्या साधनांनाही मरण असतंच. फ्रान्समधल्या प्वातिए शहरात गोटू-टेन या गटाने २००६ पासून 'मेक आर्ट' नावाचा असाच महोत्सव भरवला. काही वर्षांनी तो थांबला, गटही थांबला, आणि त्यांनी कलाकारांसाठी बांधलेली 'प्युअरडाइन' ही लिनक्सची आवृत्तीही. फ्रीजेचं काम थांबलं. इफेकटीव्हीच्या मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती कित्येक वर्षांत आलेली नाही. कुणी वाईट वागलं असं नाही. माणसं दमतात, नोकऱ्या बदलतात, मुलं होतात, अनुदान संपतं. ज्याचे पैसे कुणी देत नाही ते काम रात्री जागून होतं, आणि रात्री कायम जागता येत नाही.

तरीही रिपलटीव्हीचा पाऊस थांबला नाही. त्या प्रोग्राममधले परिणाम दुसऱ्यांनी उचलून 'जीस्ट्रीमर' या मोठ्या साधनात नेले, काही फ्रायरमध्ये आले. लिनक्सवर फोटो काढायचा 'चीज' नावाचा साधा प्रोग्राम असतो. त्यातले चेहरा वाकवणारे, फोडणारे, डुचमळवणारे काही परिणाम थेट याच कुळातले. घरात विरजण संपलं की आपण शेजारी वाटी घेऊन जातो. देणाऱ्याचं दही त्याने कमी होत नाही, आणि पुढे कधी त्यांच्याकडचं बिघडलं तर आपल्याकडून त्यांच्याकडे जातं. अट एकच, रोज कुणाच्या तरी घरी ते लागलं पाहिजे. सगळ्यांनीच एकदम लावायचं सोडलं तर परवाना कितीही उदार असो, उपयोग नाही.

इथे पुन्हा एकदा डोळे मिटा. तुम्हाला कुणाकडून तरी मिळालेली आणि तुम्ही पुढे दिलेली एक गोष्ट आठवा. शिकवलेलं एखादं काम, एखादा ताल, औषधाची माहिती, बाळाला झोपवायची रीत. ज्या व्यक्तीने ती दिली तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. मग जिला दिलीत तिचा. मधल्या काळात ती गोष्ट तुमच्या हातात थोडी बदलली असेल. काय बदललं ते शोधा. घाई नाही, मी थांबतो आहे.

आपल्या भाषेच्या पडद्यावरही हे देणं चालू आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाने केलेले 'मुक्ता' आणि 'बलू' हे देवनागरी फाँट खुल्या परवान्याखाली आहेत. गावच्या शाळेच्या पत्रकापासून मोठ्या संस्थळांपर्यंत कुणीही ते वापरतं, त्यांची फाइल उघडून 'क' ची वाटी कुठल्या बिंदूंतून वळते ते पाहू शकतं, हवी तर बदलू शकतं. 'ळ' च्या दोन गाठींकडे एकदा निरखून बघा. त्याही आकड्यांतच लिहिलेल्या आहेत, आणि ते आकडे आपल्याला वाचायला ठेवलेले आहेत.

एक शेवटचं काम आहे, आणि ते वाचून होणारं नाही. मिलर पकेट यांनी १९८० च्या दशकात पॅरिसच्या इरकाम संस्थेत 'मॅक्स' नावाचं संगीताचं साधन घडवलं, ते पुढे विकत घ्यायचं झालं. नव्वदच्या दशकात त्यांनी 'प्युअर डेटा' लिहिलं आणि ते उघडं ठेवलं. पिक्सेलसारख्या महोत्सवांत तुम्हाला ते हमखास भेटेल. ते जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि त्याला एक पैसा पडत नाही. या रविवारी ते उतरवून घ्या. रिकाम्या पानावर तीन चौकोन काढायचे. पहिला सेकंदाला ४४० कंपनं देणारा, दुसरा आवाज दहाव्या हिश्श्यावर आणणारा, तिसरा स्पीकरकडे नेणारा. पहिल्यापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे माउसने रेघ ओढा. प्रोग्राममधला 'डीएसपी' हा आवाजाचा खटका सुरू केला की आवाज येईल. मग ४४० पुसून तुमच्या मनाला येईल तो आकडा लिहा आणि फाइल जपून ठेवा.

ती फाइल साध्या नोंदवहीच्या प्रोग्राममध्ये उघडा. आत मोजक्या ओळी दिसतील: कुठला चौकोन कुठे आहे आणि कुणाला जोडला आहे. त्या समजल्या की शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बोलवा, फाइलची एक प्रत द्या आणि ती उघडायची कशी, आकडा बदलायचा कुठे, हेही दाखवा.